आपल्या हातांनी रंगवा सिल्कचा स्कार्फ

फ्रेमवर ताणलेल्या पांढऱ्या सिल्कवर निळ्या रंगाचा एक थेंब टाकून पाहा. कागदावर थेंब टाकला तर तो जिथे पडतो तिथेच थांबतो. सिल्कवर तो थांबत नाही. क्षणात आठ आण्याच्या नाण्याएवढा होतो, मग रुपयाएवढा, मग बशीएवढा. तुम्ही ब्रश उचलून बाजूला ठेवलेला असतो, तरी रंगाचं काम चालूच असतं.

सिल्क पेंटिंगची गंमत यातच आहे आणि भीतीही यातच. इथे खोडरबर नाही आणि चुकीवर पांढरा रंग फिरवून ती झाकण्याचीही सोय नाही. तरीही ज्यांनी शाळेनंतर कधी ब्रश हातात धरला नाही, त्यांनाही हे जमू शकतं, कारण इथे चित्रकलेपेक्षा तयारी आणि धीर जास्त लागतो. धीर का लागतो, हे मी स्वतःचा एक स्कार्फ बिघडवून शिकले. ती गोष्ट पुढे सांगतेच. आधी सुरुवातीपासून पाहू.

कापड कोणतं घ्याल?

सिल्क म्हटलं की आपल्याला पैठणी किंवा कांजीवरम आठवते. पण रंगवण्यासाठी इतकं जाड, जरीचं कापड उपयोगाचं नाही. त्यासाठी लागतं पांढरं, साधं, पातळ सिल्क. दुकानात ते ‘हाबोताई’ किंवा ‘चायना सिल्क’ या नावाने मिळतं. सिल्कचं वजन ‘मॉमे’ या एककात मोजतात. १ मॉमे म्हणजे एका चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. स्कार्फसाठी ८ मॉमेचं कापड चांगलं. ९० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा अख्खा स्कार्फ मग जेमतेम २८ ग्रॅमचा होतो.

९० बाय ९० हे माप फॅशनच्या जगात प्रसिद्ध आहे. फ्रान्सच्या हर्मेस कंपनीने १९३७ साली आपला पहिला सिल्क स्कार्फ याच मापात काढला. ते स्कार्फ हाताने रंगवलेले नसतात, स्क्रीन प्रिंटिंगने छापलेले असतात. पण माप सोयीचं आहे. गळ्यात, डोक्यावर, खांद्यावर, पर्सच्या हँडलला, कसाही बांधता येतो. पहिल्यांदाच करत असाल तर मात्र ५५ बाय ५५ सेंटिमीटरचा छोटा रुमाल घ्या. कडा शिवलेले तयार स्कार्फ मिळतात, तेच आणा.

कापड अस्सल आहे का, हे घरी तपासता येतं. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि मोठ्या माणसांनी ते सिंकजवळ जाळून पाहा. सिल्क जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे बोटांनी चुरडली जाणारी राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. विकत घेताना ‘सिल्क मार्क’चं लेबलही पाहता येईल. अस्सल नैसर्गिक रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली ही खूण सुरू झाली.

आणलेलं कापड तसंच रंगवायला घेऊ नका. कोमट पाण्यात सौम्य शाम्पू किंवा रिठ्याचं पाणी घालून धुवा, म्हणजे कापडावरचा खळ आणि हातांचा तेलकटपणा निघून जाईल. तेलाचा डाग राहिला तर तिथे रंग धरत नाही. थोडं ओलसर असतानाच इस्त्री करा.

डिझाइन आधी गळ्यात घालून पाहा

नवशिके इथे हमखास चुकतात. स्कार्फच्या मधोमध मोठं कमळ किंवा मोर काढतात, तासन् तास रंगवतात आणि स्कार्फ गळ्यात बांधला की मोर घडीत गायब! स्कार्फ भिंतीवर टांगायचा नसतो, तो दुमडून वापरायचा असतो.

म्हणून आधी स्कार्फच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद घ्या. त्याची त्रिकोणी घडी करा, गळ्याभोवती गुंडाळा आणि आरशासमोर उभ्या राहा. जो भाग दिसतो त्यावर पेनाने खूण करा. कागद उघडल्यावर लक्षात येईल की दिसतात ती मुख्यतः टोकं आणि कडा. साडी विणणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. नजर जिथे जाते, त्या काठावर आणि पदरावर ते सगळी मेहनत घेतात आणि अंगाला साधी बुट्टी ठेवतात. तुमच्या स्कार्फलाही काठ आणि पदर द्या. चार कोपऱ्यांत मुख्य नक्षी, कडेने पट्टी आणि मधला भाग मोकळा किंवा हलक्या छटांचा.

दुसरा नियम रांगोळीचा. प्रत्येक आकार बंद हवा. पाकळीची रेघ कुठेही सुटलेली नको. रांगोळीत रेघ सुटली तर फक्त आकार बिघडतो, इथे रंग त्या फटीतून शेजारच्या घरात शिरतो. म्हणून पहिल्या वेळी बारीक नक्षी टाळा. मोठी पानं, आंबा, शंख, कमळाच्या पाकळ्या, लाटा असे ऐसपैस आकार निवडा.

रंग तीनच घ्या. त्यांत पाणी मिसळून फिकट छटा मिळतात आणि एकमेकांत मिसळून नवे रंग. पांढरा रंग मात्र वेगळा नसतो. जिथे पांढरं हवं, तिथलं कापड कोरं सोडायचं. हे आधीच ठरवावं लागतं.

रंगाला कुंपण

धावणाऱ्या रंगाला अडवतं ते ‘गुट्टा’ नावाचं द्रव्य. मुळात ते गुट्टापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून करत. आता पाण्यात विरघळणारे गुट्टा आणि आउटलायनरही मिळतात, घरासाठी तेच बरे. बारीक तोंडाच्या बाटलीतून गुट्ट्याची रेघ ओढायची आणि ती वाळली की आत रंग भरायचा. रेघ रंगाला पुढे जाऊ देत नाही. या पद्धतीला फ्रेंच भाषेत ‘सेर्ती’ म्हणतात.

रंग पसरू नये म्हणून आपल्याकडच्या कारागिरांनी वेगळाच उपाय शोधला. आंध्र प्रदेशातल्या श्रीकालहस्तीचे कलमकारी कारागीर सुती कापड आधी हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या मिश्रणात भिजवून वाळवतात. दुधातल्या स्निग्धतेमुळे कलमेतून उतरलेली शाई फुटत नाही. लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं द्रावण हिरड्याच्या संपर्कात आलं की काळीभोर रेघ उमटते. सेर्तीत रंगाभोवती कुंपण घालतात, तर कलमकारीत अख्ख्या कापडालाच रंग धरून ठेवायला शिकवतात. दोन्हीकडे गोष्ट एकच, रंग लावण्याआधीची तयारी.

आता तुमची तयारी. कापड लाकडी फ्रेमवर ताणा. सुताराकडून चार पट्ट्या जोडून घेतल्या तरी चालतं. स्कार्फच्या कडांना सेफ्टी पिना लावा, पिनांत रबरबँड अडकवा आणि ते फ्रेमला मारलेल्या खिळ्यांत गुंतवा. कापड ढोलकीच्या पानासारखं घट्ट नको, पण झोळही नको. खाली टेबलाला ते कुठेही टेकता कामा नये, नाहीतर रंग तिथे साचून डाग पडतो. फ्रेमच्या चार कोपऱ्यांखाली चार वाट्या उपड्या ठेवल्या की काम झालं.

कागदावर काळ्या स्केचपेनने काढलेलं डिझाइन कापडाखाली धरा. पातळ सिल्कमधून ते स्पष्ट दिसतं. पेन्सिलीने हलक्या हाताने गिरवा, कागद काढून घ्या आणि मग गुट्ट्याची रेघ ओढा. बाटली तिरकी धरा, एकसारखा दाब द्या आणि मध्ये थांबू नका. आधी जुन्या कापडावर दहा-बारा रेघा ओढून हात बसवून घ्या.

रेघ वाळली की फ्रेम उजेडासमोर धरा. रेघ मागच्या बाजूपर्यंत झिरपली आहे का? कुठे टाचणीच्या टोकाएवढी फट आहे का? असेल तर आत्ताच बुजवा. या तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि ती टाळली की दोन तासांचं काम वाया जातं.

आता रंग

आधी पंखा बंद करा. हे सांगितलं नाही तर हमखास राहून जातं. पंख्याच्या वाऱ्याने रंग भराभर वाळतो आणि मधेच कडक कडा उमटतात. नागपूर-इंदूरच्या मे महिन्यात दुपारऐवजी सकाळी लवकर रंगवायला बसा.

ब्रश रंगात बुडवा, वाटीच्या काठावर निथळा आणि आकाराच्या मधोमध टेकवा. रेघेपर्यंत ब्रश नेऊ नका, रंग आपणहून तिथवर पोहोचेल. ओल्या फिकट रंगाच्या एका कडेला गडद रंगाचा थेंब सोडला की पाकळीत सुरेख छटा उतरते. फिकट रंगांपासून सुरुवात करा, गडद रंग शेवटी.

सगळ्यात कठीण असते पार्श्वभूमी, कारण मोठा भाग सलग रंगवायचा असतो. रंग आधीच पुरेसा कालवून ठेवा, कारण मधे संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. मोठा ब्रश किंवा स्पंजचा तुकडा घ्या आणि ओली कडा वाळू न देता पुढे सरकत राहा. घरात कुणी असेल तर मदतीला बसवा. मुलं, आजी, कुणीही चालेल. दोघांनी दोन टोकांकडून रंगवत आलं तर काम निम्म्या वेळात होतं.

मिठाची जादू

पार्श्वभूमी ओली असतानाच तिच्यावर मीठ पेरा आणि हात लावू नका. मीठ पाणी ओढून घेतं, पाण्याबरोबर रंगही त्या दिशेने सरकतो आणि कापडावर चांदण्यांसारखी नक्षी उमटते. खड्याच्या मिठाने मोठी फुलं येतात, बारीक मिठाने नाजूक ठिपके. पावसाळ्यात मीठ सादळलेलं असतं, तेव्हा ते आधी कोरड्या तव्यावर परतून गार करून घ्या. कापड पूर्ण वाळलं की मीठ झटकून टाका. ते पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही.

रंग रेघेबाहेर गेलाच तर घाबरू नका. डाग पुसायला जाल तर तो वाढेल. त्या डागाला पान करा, कळी करा किंवा शेजारचा रंग गडद करून त्याला सामावून घ्या. फार पसरला असेल तर त्या जागी मीठ टाका. पाहणाऱ्याला ते डिझाइनच वाटेल.

माझा बिघडलेला स्कार्फ

रंगवून झालेला स्कार्फ इतका सुंदर दिसतो की आता तो कधी एकदा गळ्यात घालते असं होतं. मीही हीच घाई केली होती.

इंदूरच्या मावशीच्या साठीला मी निळ्या कमळांचा स्कार्फ रंगवला. रंगाच्या बाटलीवर ‘वाफ द्यावी’ असं लिहिलेलं होतं. पण माझी गाडी सकाळी सहाची होती आणि रंग वाळेपर्यंत रात्रीचे बारा वाजले होते. मी स्कार्फवर इस्त्री फिरवली, घडी घातली आणि छानशा डबीत ठेवला. मावशीने कार्यक्रमात तो कौतुकाने गळ्यात घातला, सगळ्यांना दाखवला. जून महिना होता, हॉलमध्ये गर्दी. तासाभरात घामाने निळा रंग उतरला आणि तिच्या मोतिया साडीच्या खांद्यावर मोठा डाग पडला. ती साडी काकांनी तिला त्या दिवसासाठी घेतली होती.

मावशी रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पदर दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि फोटो काढायला उभी राहिली. रात्री ताटं आवरताना एवढंच म्हणाली, “पुढच्या वेळी दोन दिवस आधी सुरू कर गं.”

साडीवरचा डाग आजही पूर्ण गेलेला नाही. म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

रंग पक्का कसा कराल?

सिल्कसाठी मिळणारे रंग साधारण दोन प्रकारचे असतात. विकत घेतानाच बाटलीवरची सूचना वाचा.

इस्त्रीने पक्के होणारे रंग : हे रंगकण धाग्यावर चिकटून बसतात. कापड किंचित कडक होतं, पण वापरायला सोपे. रंग पूर्ण वाळू द्या, सुती कापड मध्ये ठेवून उलट बाजूने इस्त्री करा आणि बाटलीवर दिलेलं तापमान आणि वेळ पाळा. नवशिक्यांनी आणि मुलांबरोबर करणाऱ्यांनी हेच घ्यावेत.

वाफेने पक्के होणारे रंग : रेशीम म्हणजे प्रथिनांचा धागा. हे रंग त्या धाग्याच्या आत जाऊन प्रथिनांशी जोडले जातात. म्हणून कापडाचा मऊपणा आणि चमक तशीच राहते आणि रंग दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. पण हे जोडकाम उष्णता आणि ओलावा मिळाल्याशिवाय पुरं होत नाही. नुसती इस्त्री पुरत नाही, ती यासाठीच.

वाफ देण्यासाठी स्कार्फ एक-दोन दिवस वाळू द्या. मग तो कोऱ्या, न छापलेल्या कागदात अशा तऱ्हेने गुंडाळा की कापडाला कापड टेकणार नाही. गुंडाळी मोदकपात्रासारख्या उंच भांड्यात जाळीवर ठेवा, पाण्याला स्पर्श होऊ देऊ नका. वरून फॉइलची टोपी घाला, कारण झाकणावरून वाफेचा एक थेंब जरी पडला तरी डाग उमटतो. रंगाच्या प्रकारानुसार साधारण एक ते तीन तास वाफ लागते. हे भांडं रंगकामासाठी वेगळंच ठेवा, पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. हातमोजे घाला. पावडरचे रंग असतील तर तोंडाला मास्क लावा.

नंतर स्कार्फ थंड पाण्यात धुवा. सुरुवातीला जास्तीचा रंग निघेल, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. पाण्यात विरघळणारा गुट्टाही निघून जाईल आणि त्याच्या जागी पांढऱ्या रेघा उरतील. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, सावलीत वाळवा आणि ओलसर असताना उलट बाजूने इस्त्री करा.

आता शेवटची परीक्षा. ओलसर पांढरा रुमाल स्कार्फवर घासून पाहा. रुमालाला रंग लागला नाही, तरच स्कार्फ भेट द्या किंवा विका.

विकायचा विचार असेल तर

पाच-सहा स्कार्फ झाले की मैत्रिणी विचारू लागतात, “मलाही करून देशील?” इथे बहुतेक जणी फक्त कापडाचे आणि रंगांचे पैसे घेतात, स्वतःचा वेळ फुकट देतात. साधा हिशोब करा. समजा कापड ४०० रुपये, रंग आणि गुट्टा १५०, पॅकिंग ५०. हे झाले ६०० रुपये. डिझाइनपासून शेवटच्या इस्त्रीपर्यंत तुमचे सहा तास. तासाचे १०० रुपये धरले तरी आणखी ६००. दहातला एखादा बिघडतोच, त्याचे थोडे. म्हणजे १३०० रुपयांच्या खाली तो स्कार्फ देणं म्हणजे पदरचे पैसे घालणं. ‘घरी बसून तर करतेस’ असं कुणी म्हटलं, तर हाच हिशोब त्यांना दाखवा.

आणि ग्राहकाला खरं सांगा. कापड कोणतं, रंग कसा पक्का केला, कसा धुवायचा, हे छोट्या चिठ्ठीवर लिहून द्या. बाजारात डिजिटल प्रिंटचे स्कार्फही ‘हँड पेंटेड’ म्हणून विकले जातात. स्वतः विकत घेताना कोपरे नीट पाहा. हाताने काढलेली चार फुलं कधीच अगदी एकसारखी येत नाहीत. रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. छापलेल्या स्कार्फची उलट बाजू बऱ्याचदा फिकी असते. तुमच्या कामातला हा किंचित वेडावाकडेपणा दोष समजून लपवू नका, गिऱ्हाईक त्याचेच पैसे देत असतं.

स्कार्फ जपायचा कसा?

अत्तर किंवा परफ्यूम थेट स्कार्फवर मारू नका. उन्हात वाळत घालू नका. घामाने भिजला तर तसाच घडी करून ठेवू नका. कपाटात सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला, म्हणजे त्याच जागी चुरगळून धागा विरणार नाही.

मावशीसाठी मी नंतर दुसरा स्कार्फ केला. या वेळी आठवडाभर आधी सुरू केला. वाफ दिली, धुतला, रुमाल घासून पाहिला, एकदा नाही तर तीनदा. तिने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि आधी स्वतःच्या पांढऱ्या रुमालावर घासला. मग हसत हसत गळ्यात घातला.

तुम्हीही येत्या सुट्टीत एक छोटा रुमाल आणा, तीन रंग आणि एक आउटलायनर घ्या. घरातल्या एखाद्या लग्नाला किंवा वाढदिवसाला भेट द्यायची असेल तर आजच कॅलेंडर पाहा आणि त्या तारखेच्या आठवडाभर आधीच्या चौकोनात खूण करून ठेवा. ब्रश त्या दिवशी हातात घ्यायचा.